पाचव्या टाकीतली वाळू

एसिनाला न्याम्वासे या बाईला कशाकशाची किळस यायची हे सांगत बसण्यापेक्षा कशाची येत नसे ते सांगणं सोपं. लिंबू, उन्हात कडक वाळलेला कपडा, आणि पहाटे कोणी होडी लोटायच्या आधीचं सरोवराचं पाणी. बाकी सगळं जग तिला कुठून ना कुठून घाण वाटे.

न्खाटा बे बंदराच्या उत्तरेला, सरोवरकाठी खडकांच्या कुशीत बसलेल्या त्यांच्या गावात असं नाक घेऊन जन्माला येणं म्हणजे शिक्षाच होती. दारादारात कसावा भिजत पडलेला, कुजका, आंबट, फेसाळलेला. किनाऱ्यावर मांडवांवर उसिपा वाळत घातलेले, आणि त्या बोटभर माशांवर माश्यांचं मोहोळ. बाकीच्या मुली भिजलेला कसावा कोपरापर्यंत हात घालून काढायच्या. एसिनाला दोन बोटांनी एकेक तुकडा उचलायची आणि तोंड फिरवायची.

"अगं, जेवताना बरं नाही येत ओकारी!" आई ओरडायची. "त्याच कसाव्याच्या कोंडोवोलेचा गोळा गिळताना कुठं जातं हे नाक?"

जायचं कुठेच नाही. ती श्वास रोखून जेवायची. गावात तिला 'शीबाई' म्हणू लागले ते लहानपणीच. लग्नाच्या वयाची झाली तरी नाव सुटलं नाही.

याफेतवर तिचं मन बसलं त्याचं कारण तिने कधी कोणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. तो सरोवरात बुडी मारून शोभेचे मासे धरायचा. दिवसाचे कितीतरी तास पाण्यात. बाहेर आला की त्याच्या अंगाला कसलाच वास नसे, ना घामाचा, ना तंबाखूचा, ना माशाचा. हा माणूस नुकताच धुवून ठेवल्यासारखा वाटतो, एवढंच तिला वाटलं, आणि तेवढ्यावर तिने होकार दिला. संसार चांगला झाला. एक मुलगी झाली, ती लग्न होऊन म्झुझूला गेली.

याफेत ज्याच्याकडे कामाला होता तो ग्रेशम च्युमिया. किनाऱ्यावर त्याने पत्र्याची लांब शेड घातली होती, आत सिमेंटच्या टाक्या. सरोवरातले निळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे धरायचे, टाक्यांत ठेवायचे, आणि हवा भरलेल्या पिशव्यांतून विमानाने परदेशी पाठवायचे. तिथे लोक ते काचेच्या पेटीत घालून बघत बसतात म्हणे. सगळ्यांत जास्त मागणी एका पिवळ्याधमक माशाला. तो खोलात राहायचा. होडीवर हवेचा पंप, त्याची लांब नळी दातात धरून माणसं खाली जायची आणि च्युमिया वरून म्हणायचा, "आणखी एकदा. आजची शेवटची."

अशाच एका शेवटच्या बुडीनंतर पंप बंद पडला. याफेत जीव वाचवायला एकदम वर आला. होडीत बसला, हसला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "माझे पाय कुठे गेले?" पाय जागेवरच होते. त्याला ते जाणवत नव्हते. रक्तात हवेचे बुडबुडे झाले, असं इस्पितळात सांगितलं. कमरेखालचा माणूस तिथेच संपला.

च्युमिया भेटायला आला तो साखरेची पिशवी आणि साबणाची लांब वडी घेऊन. आंबा खात होता. कोय तोंडात फिरवत, हनुवटीवरून ओघळणारा रस मनगटाने पुसत म्हणाला, "काळजी करू नका. मी माणसाला विसरणारा नाही. तुझ्या बायकोला कामावर घेतो, याफेत. टाक्या सांभाळील."

एसिनाला त्याच्या चिकट बोटांकडे बघत राहिली. दोन पाय घेतले आणि झाडू दिला. तिला किळस आली, आणि या खेपेस ती आंब्याची नव्हती. पण ती कामाला गेली. न जाऊन करते काय?

घरी याफेतचं सगळं तिलाच काढावं लागे. त्याच्या माकडहाडापाशी जखम झाली होती, ती भरेना. रोज फडकं बदलायचं, गरम पाण्याने पुसायचं. ती तोंडाला कापड बांधून, दात आवळून सगळं नीट करायची. एकही दिवस तिने टाळलं नाही. आणि एकही दिवस असा गेला नाही की ते झाल्यावर ती मागच्या केळीपाशी जाऊन ओकली नाही. आतून याफेतला ऐकू यायचं.

"झालं का?" तो हाक मारायचा.

"झालं."

"मग ये. चहा थंड होतोय तुझा."

यावर त्यांचं दुसरं कधी काही बोलणं झालं नाही.

शेडमध्ये मात्र तिची चंगळ होती. टाक्या घासायच्या, जाळ्या धुवायच्या, तळ रिकामा ठेवायचा. ती असं घासायची की सिमेंट पांढरं पडे. मासे पिशव्यांत भरणारा मातिया चेष्टेने म्हणायचा, "वहिनी, मासे घसरून पडतील आता!" मातिया याफेतला भावासारखा मानायचा. एवढ्या जगात त्याची चेष्टाच तेवढी तिला घाण वाटत नसे.

मग च्युमियाच्या डोक्यात वाळू शिरली.

कोणी परदेशी गिऱ्हाईक येऊन त्याला सांगून गेलं होतं. पाणी गाळायची यंत्रं वीज गेली की बंद पडायची, आणि वीज तर येण्यापेक्षा जायचीच जास्त. म्हणून मागच्या पाच टाक्यांत त्याने सरोवराच्या तळाची बारीक वाळू भरली. थोडीथोडकी नाही, वीतभर आणि वर चार बोटं. त्यात पाणवेली रोवल्या. आणि वर, एसिनालाच्या डोळ्यांदेखत, बादलीभर गाळ ओतला. गाळात लांबुळक्या टोकदार गोगलगायी होत्या आणि लाल दोऱ्यासारखे किडे वळवळत होते.

"शी! साहेब, हे काय?"

"हे तुझे नवे नोकर," च्युमिया खूश होऊन म्हणाला. "माशांची घाण वाळूत जाते. वरच्या थरात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते ती खातात. उरलेलं खाली जातं, जिथे हवा पोचत नाही. तिथले जीव निराळे, ते ते खातात. किडे आणि गोगलगायी वरची वाळू हलती ठेवतात. पाणी आपोआप साफ. यंत्र नको, वीज नको."

"घाण साठवून साफ?"

"हो. आणि ऐक, न्याम्वासे, या वाळूला हात लावायचा नाही. उकरायची नाही, घासायची नाही. कळलं?"

तिला शब्द कळले. पण रोज त्या टाक्यांपुढून जाताना तिची शिसारी वाढत गेली. टाक्यांच्या पुढच्या बाजूला काच होती. काचेतून वाळूचे थर दिसायचे. वर पिवळट, मग तपकिरी, मग राखाडी, आणि तळाशी काळे डाग, गळू पिकावं तसे पसरत चाललेले. मधूनच एखादा बुडबुडा सुटून वर यायचा आणि फुटायचा. फुटला की सडक्या अंड्याची एक झुळूक. गोगलगायी काचेवरून चिकट पोट घासत चढायच्या. तिच्या थोरल्या भावाला सरोवरातल्या गोगलगायींमुळेच लघवीतून रक्त जायचा रोग झाला होता. या गोगलगायी त्या जातीच्या नाहीत, असं मातियाने तिला दहादा सांगितलं. तिला सगळ्याच एका जातीच्या वाटत.

"हे पाणी मासे पितात," ती मातियाला म्हणाली. "त्यातच हगतात आणि तेच पितात. आणि आपण त्याला साफ म्हणायचं?"

"सरोवरात काय करतात, वहिनी? बाहेर जाऊन येतात?"

"सरोवर मोठं आहे. मला त्याचं दिसत नाही."

च्युमिया राजधानीला कागदपत्रांच्या कामाला गेला. परवानगीचं काहीतरी अडलं होतं, तो लवकर येणार नव्हता. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एसिनालाने पदर खोचला. म्हणजे कमरेला गुंडाळलेलं चितेंजेचं कापड घट्ट आवळलं, तोंडाला कापड बांधलं, कापडात लिंबाची साल घातली आणि पहिल्या टाकीतले मासे जाळीने काढून बादलीत ठेवले. सगळी वाळू फावड्याने उपसली. काळा चिखल वर आला तेव्हा शेडभर असा वास सुटला की पत्र्यावरच्या कोंबड्या उडाल्या. तिने वाळू टोपल्यांतून किनाऱ्यावर नेली, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत धुतली, खडकावर पसरून कडकडीत वाळवली. किडे वाळून तिखटाच्या पुडीसारखे झाले. ते तिने फुंकून टाकले. वाळू परत भरली. पांढरीशुभ्र, साखरेसारखी. त्यावर पिवळे मासे सोडले तेव्हा तिला अनेक महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

अशा चार टाक्या झाल्या. मातिया बघून म्हणाला, "साहेब मारील तुला. पण दिसतं छान, हे मात्र खरं."

पाचवी राहिली. पाचव्या टाकीत तिने हात घातला तेव्हा हात मनगटापर्यंत वाळूत रुतला आणि आत काहीतरी हललं. एक नाही, पुष्कळ. बोटांच्या बेचक्यांतून, थंड, बुळबुळीत, गुंताच्या गुंता. तिने हात ओढला तर नखांवर लाल दोरे लोंबत होते. ती धावत बाहेर गेली आणि पोटात काही उरलं नाही तोवर ओकली. त्या टाकीजवळ ती पुन्हा गेली नाही. तिच्या काचेवर तिने जुनं गोणपाट टाकून दिलं, दिसायलाच नको म्हणून.

चार टाक्यांतले मासे काही दिवसांतच सुस्त झाले. वर येऊन तोंडं उघडीमिटी करू लागले. ती घाबरली, पाणी बदललं. थोडं बरं वाटलं आणि पुन्हा तेच. एवढ्यात म्वेरा वारा सुटला. दक्षिणेकडून येणारा तो वारा सरोवराला समुद्र करून सोडतो. रस्त्यावरचे विजेचे खांब आडवे झाले. डिझेल देशातच मिळत नव्हतं, त्यामुळे जनरेटर म्हणजे नुसतं लोखंड. पुढच्या टाक्यांची यंत्रं थांबली. एसिनाला, मातिया आणि आणखी दोघं बादल्यांनी पाणी उंचावरून ओतत राहिले, तेवढीच हवा मिळेल म्हणून. पुढच्या टाक्यांतले बरेच मासे सरोवरात सोडून द्यावे लागले. ते वरच्या खडकांतले, त्यांना चालतं. खोलातले पिवळे असे सोडता येत नव्हते. ते एकेक करून उताणे झाले. कल्ले लाल, रक्ताळल्यासारखे. चार पांढऱ्याशुभ्र टाक्यांत पिवळी मढी तरंगू लागली, फुगली, डोळे पांढरे पडले. त्यांना हाताने काढणं तिच्याच वाट्याला आलं. साखरेसारख्या वाळूवर ते चित्र इतकं ओंगळ दिसत होतं की तिला आपल्याच हातांची घाण वाटली.

वारा पडला, खांब उभे राहिले, च्युमिया परतला. शेडभर फिरला. शिव्या वीजमंडळाला दिल्या, वाऱ्याला दिल्या. मग त्याने पाचव्या टाकीवरचं गोणपाट उचललं.

आत सगळे पिवळे मासे जिवंत होते. वेली हिरव्यागार. एक मासा वाळूत तोंड खुपसून, चूळ भरल्यासारखी वाळू कल्ल्यांतून उडवत होता.

"बघा!" च्युमिया ओरडला. "बघा वाळूची करामत! वीज नाही, यंत्र नाही, आणि हे बघा! न्याम्वासे, ही तू सांभाळलीस. शाबास! बाकीच्या चारची वाळूच खराब निघाली असणार."

त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. घामट तळवा ब्लाउजला चिकटून सुटला. तिला कळलं. त्या काळ्या, सडक्या, वळवळत्या घाणीनेच मासे जगवले होते, आणि ती घाण आपण चार टाक्यांतून धुऊन काढली. पाचवीही जगली ती काळजीने नाही, किळसेने. ती खरं न सांगताच शाबासकी घेऊन घरी आली आणि याफेतचं फडकं बदलताना तिला स्वतःचा इतका तिटकारा आला की त्या दिवशी ओकायचंही भान राहिलं नाही.

"आज केळीला सुट्टी?" याफेत म्हणाला.

मग तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी ती म्हणाली, "आता च्युमियाला पिवळे पुन्हा धरून हवेत. परदेशातली मागणी पुरी करायची आहे. खोलात जायला मातिया तयार झालाय."

"मातिया? तो तर पिशव्या भरतो."

"शिकतो म्हणाला. च्युमियाने त्याला होडी देईन असं कबूल केलंय."

"त्याला घेऊन ये," याफेत म्हणाला. "उद्या. फडकं बदलायच्या वेळी."

"तुम्हाला लाज नाही वाटायची?"

"वाटेल ना. तू आण त्याला."

दुसऱ्या दिवशी मातिया आला. दारातून याफेतदादाला बघून जाणारा मातिया, पण आत कधी या वेळी आलेला नव्हता. तो हसत म्हणाला, "काय दादा, बोलावलंस?"

"बस तिथे, पायाशी. एसिनाला, काढ."

तिने चादर काढली, याफेतला कुशीवर वळवलं, फडकं सोडलं. ते जखमेला चिकटलं होतं, ओलं करून सुटं करावं लागलं. जखम मुठीएवढी होती, कडा हिरवट, आत हाड दिसायचं. वास खोलीभर पसरला. कमरेखालच्या घाणीचं गाठोडंही तिने मातियासमोरच सोडलं, पुसलं, बदललं. याफेत भिंतीकडे तोंड करून बोलत होता, आवाज अगदी साधा.

"बघतोस ना? मला यातलं काही जाणवत नाही. फक्त वास येतो. मलाही येतो, मातिया. रात्रंदिवस. तुझ्या बायकोचं नाक एवढं तिखट नाही, तेवढं एक बरं."

मातिया उठला, दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावरच ओकला. मग मागे केळीपाशी जाऊन पुन्हा. एसिनाला त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन गेली. तो डोळे पुसत होता.

"तू रोज करतेस हे, वहिनी?"

"रोज."

"मी नाही जाणार खाली," तो म्हणाला. "होडी गेली खड्ड्यात."

च्युमियाला हे कळलं तेव्हा तो शेडमध्ये भडकला. गावातल्या बाकी बुड्या मारणाऱ्यांनीही एकेक करून नकार दिला होता. मातियाने काय पाहिलं ते गावभर झालं होतं.

"हे तू केलंस!" तो एसिनालावर ओरडला. "नवऱ्याचं मढं दाखवून माझा धंदा बुडवतेस?"

"मढं नाही अजून," ती म्हणाली. "आणि धंदा मी त्याआधीच बुडवला, साहेब. चार टाक्यांची वाळू मी धुतली. उन्हात वाळवली. तुमचे मासे वीज गेल्याने नाही मेले, माझ्या साफसफाईने मेले. पाचवीत हात घालवला नाही म्हणून ती राहिली. आता काढायचं तर काढा कामावरून."

यावर च्युमिया जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. तिने ते सगळं ऐकून घेतलं, त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात साचलेली थुंकी बघत.

तो दमला तेव्हा ती म्हणाली, "पाचवीतले मासे विकू नका. त्यांनाच पिल्लं होऊ द्या. चार टाक्यांत वाळू आहे, तिच्यात फक्त जीव नाही. पाचवीतला घालू."

"घालू म्हणजे? त्या वाळूचा थर मोडला की घाण उठेल. फावडं नाही चालायचं, यंत्र नाही चालायचं. हाताने, मूठमूठ, वरवरची उचलावी लागेल. कोण करणार? तू?" तो कुत्सित हसला. "शीबाई?"

"मी."

सगळी शेड बघायला जमली. तिने तोंडाला कापड बांधलं नाही. ओकारी आली तर कापड आड येतं. बाह्या वर केल्या, पाचव्या टाकीत हात घातला आणि वरची वाळू ओंजळीत उचलली, किडे, गोगलगायी, शेवाळ, सगळ्यांसकट. ती गिळगिळीत ओंजळ पहिल्या टाकीत अलगद ठेवली. मग बादलीत ओकली. तोंड धुतलं. पुन्हा हात घातला. पहिल्यांदा लोक हसले. मग कोणी हसेना. मातियाने बादली बदलून दिली. संध्याकाळपर्यंत चारही टाक्यांत विरजण लागलं होतं, आणि एसिनालाच्या नखांखाली काळी रेघ बसली, ती पुढे कितीतरी दिवस लिंबानेही निघाली नाही.

वाळू जिवंत व्हायला पावसाळा गेला. मग पिवळ्यांनी अंडी दिली आणि मादीने ती तोंडात घेतली. पिल्लं फुटली तरी तोंडातच. भीती वाटली की बाहेरची पिल्लं आईच्या तोंडात परत शिरायची.

"शी," एसिनाला काचेशी नाक लावून म्हणाली. "थुंकीत पोरं वाढवतात!" पण बघत मात्र राहिली.

च्युमियाने तिला ठेवून घेतलं. गिऱ्हाइकं आली की तो त्यांना पाचही टाक्या दाखवायचा आणि वाळूची युक्ती आपलीच म्हणून सांगायचा. ती मागे उभी राहून त्याच्या मानेवरच्या घामाच्या वळ्या बघायची आणि मनात थुंकायची. एका गोष्टीला मात्र तो राजी झाला. खोलात माणूस उतरवणं त्याने बंद केलं. चांगुलपणाने नव्हे. उतरणारा कोणी मिळत नव्हता म्हणून.

याफेत दिवसेंदिवस वाळत चालला. एके दुपारी तो म्हणाला, "अगं, ती वाळू मला दाखव ना एकदा. आपल्या सरोवराच्या तळाची. पाहून वर्षं झाली."

"ती घाण घरात आणू?"

"आण."

दुसऱ्या दिवशी तिने डब्यात खालच्या थरातली मूठभर आणली, काळी, ओली. हात पुढे लांब धरून, मान फिरवून, वाटभर श्वास रोखत. त्याच्या तळहातावर ती ठेवली. त्याने बोटांनी चुरली, बारकाईने पाहिली आणि नाकाशी नेली. मग त्याचं तोंड असं वाकडं झालं की तिला आपल्या नाकावरून ओरडणारी आई आठवली.

"ईऽऽ! काय घाण वास आहे गं हा!"

"म्हणजे? तुम्ही तर आयुष्यभर तिच्यावर पोटाने सरपटलात!"

"अगं, पाण्याखाली वास येतो का कोणाला? नळी दातात, नाक बंद!" तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला. "मला वाटायचं खाली किती स्वच्छ आहे. ने ती, ने! लवकर ने!"

ती डबा घेऊन मागच्या दाराने पळाली. केळीच्या बुंध्याशी वाळू फेकली आणि नेहमीसारखी वाकली. हसू आणि ओकारी एकदमच आली, त्यामुळे दोन्हींपैकी एकही धड होईना. आतून तो विचारत होता, "झालं का?" आणि तिला उत्तर देता येत नव्हतं.